बुगडीचे दोन मणी

मुंबईला निघालो तेव्हा माझ्या सदऱ्याच्या आतल्या खिशात गुंजेएवढा सोन्याचा एक मणी होता, आणि तो तिथे आहे हे माझ्याशिवाय कोणालाही ठाऊक नव्हतं. बारा वर्षं हा मणी मी असाच लपवत आलो होतो. आधी कपाटात, मग पुस्तकांच्या मागे, मग पेन्शनच्या कागदांच्या पिशवीत. चोरीचा नव्हता. चोरीचा असता तर बरं झालं असतं, परत करून मोकळा झालो असतो.

आधी मण्याची हकिकत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आमच्याकडे माणूस जायला टेकलं की त्याच्या तोंडात गंगेचं पाणी, तुळशीचं पान आणि सोन्याचा कण घालतात. जन्मभर पितळ वापरलेल्या माणसालाही जाताना गुंजभर सोनं लागतं. माझी मोठी बहीण आक्का लग्न होऊन लालबागला गेली तेव्हा आईने आपल्या कानातल्या बुगड्या काढून तिच्या कानात घातल्या होत्या. आक्काने त्या पुष्कळ वर्षं मिरवल्या. आई थकली तेव्हा आक्काने त्या जोडातली एक बुगडी गिरगावातल्या सोनाराकडून मोडून घेतली, तिच्या सोन्यातून एक मणी करवला आणि गावी माझ्याकडे पाठवला. निरोप असा, की एक बुगडी आईला आणि एक मला, दोघी एकाच सोन्याने जाऊ.

मी कुडाळजवळच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवायचो. घरचा गणपती मीच रंगवतो आणि त्याच्या मुकुटाला लागणारी बेगड, म्हणजे तो चकचकीत सोनेरी पत्रा, बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात ठेवतो. चोर आला तर खोट्या सोन्यात खरं शोधणार नाही, अशी हुशारी करून मी तो मणी त्याच डब्यात तळाशी ठेवला. आणि विसरलो.

आई गेली ती आषाढात. पावसाची उघडीप मिळाली होती, माणसं अंगणात खोळंबली होती आणि मला मणी सापडत नव्हता. सगळं घर उपसलं. भटजींनी दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा मी बेगडीचा डबा उघडला, एक तुकडा कापला, बोटांत वळून त्याची गोळी केली आणि आईच्या तोंडात घातली. मणी त्याच डब्यात, माझ्या बोटांखाली चार अंगुळांवर होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मुकुटासाठी डबा रिकामा केला तेव्हा तो टिचकन जमिनीवर पडला.

आक्का तिसऱ्या दिवशी गावी पोचली होती. दारातच तिने विचारलं होतं, "मणी घातलंस मां?" मी म्हटलं होतं, "घातला." त्यानंतर मी तिच्याशी जे जे खरं बोललो त्या सगळ्याच्या खाली तो एक शब्द पडून आहे.

यंदा आक्काच्या सुनेचा, सुनीताचा फोन आला. आक्काच्या हृदयाची झडप बदलायची आहे, परळच्या इस्पितळात सोमवारी दाखल व्हायचं आहे. "मामा, त्यांचं काहीतरी सोन्याचं काम आहे म्हणतात, ते फक्त तुम्हीच करायचं. आम्हाला सांगत पण नाहीत." मला काम कळलं. दुसरी बुगडी.

लालबाग, बुधवार

गाडीचा प्रवास सांगत बसत नाही, झोप लागली नाही एवढंच. लालबागला उतरलो की आधी नाक जागं होतं. मसाल्याच्या दुकानांतून मिरच्या कुटायचा आवाज येत असतो आणि नवा माणूस पहिली पाच मिनिटं शिंकत चालतो. मी लहानपणी इथे सुट्टीला यायचो तेव्हा वरून गिरण्यांचे भोंगे ऐकू यायचे. आता वर बघितलं की काचेच्या इमारती आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी आक्काची चाळ अजून तग धरून आहे.

आक्का गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती. चौऱ्याहत्तर वर्षांची, हातापायांच्या काड्या, आवाज मात्र पूर्वीचाच.

"इलंस? आधी दाढी कर. आजारी मी असंय, तू नाय."

आषाढ संपत आला होता आणि श्रावण लागायच्या आत मासळी खाऊन घ्यायची म्हणून सुनीताने सोड्यांचं कालवण केलं होतं. आमच्याकडे त्यात नारळ मोकळ्या हाताने पडतो. इथे नारळ बेताचा, मसाला तिप्पट. मालवणी माणूस मुंबईत राहिला की त्याचं जेवण तिखट होतं, हे माझं जुनं मत आहे आणि आक्काने ते दर खेपेला हाणून पाडलेलं आहे. ह्या खेपेला तिने वाद घातला नाही. दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

दुपारी सुनीता कामावर गेल्यावर आक्काने उशीखालून गुलाबी कागदाची पुडी काढली. आत बुगडी होती. सोनं जुनं झालं की त्यावर एक तांबूस छटा येते, ती रंगाच्या पेटीतून काढता येत नाही. मी मुलांना सांगत असे, सोनं काढताना सोनेरी रंग वापरू नका, पिवळा घ्या, तपकिरी घ्या आणि शेवटी एकच पांढरा ठिपका द्या. सगळं सोनं त्या ठिपक्यात असतं. आईच्या कानावर तो ठिपका चुलीच्या उजेडात हलताना मी पाहिलेला आहे.

"करेकराकडे जा," आक्का म्हणाली. "गिरगावात. आवशीचो मणी त्यानाच केल्यान होतो. म्हण, तसोच दुसरो कर. उरतला त्या सोन्याच्यो नातीक बाळयो. आणि समोर बसून वितळव. नजर हलवू नको."

"तो ओळखीचा आहे ना?"

"ओळखीचो असलो तरी सोनार तो सोनार." मग म्हणाली, "माका भियां वाटणा नाय, दत्ता. आवस सोन्यान गेली. मी पण जातलंय. त्याच सोन्यान."

मी पुडी घेतली आणि त्याच खिशात ठेवली जिथे पहिला मणी होता. दोन्ही बुगड्या बऱ्याच वर्षांनी एका जागी आल्या, आणि ते फक्त मला ठाऊक होतं. तिथेच मला ती कल्पना सुचली. बुगडी मोडायचीच कशाला? मणी तर तयार आहे. तोच नवा म्हणून आक्काला द्यावा, बुगडी मोडवली नाही म्हणून नंतर कधीतरी सुनीताला द्यावी. बाळ्यांचं बघता येईल. आईचा मणी आईला नाही तर आईच्या मुलीला तरी पोचेल. सुंठीवाचून खोकला जाईल. त्या रात्री मला छान झोप लागली, ह्याची आता लाज वाटते.

गिरगाव, गुरुवार

गिरगावातून काळबादेवीकडे जाणाऱ्या एका गल्लीत करेकरांचं काम चालतं. दुकान नाही, पाटी नाही. लाकडी जिना चढून वरच्या मजल्यावर एक खोली. गल्लीत शिरतानाच एक बाई दिसली. उकिडवी बसून दगडी फरशीच्या सांध्यांतली धूळ बारीक कुंच्याने पाटीत गोळा करत होती. मला वाटलं सफाईवाली. पण कचरा ती बाजूला टाकत होती आणि धूळ जपून ठेवत होती.

करेकर ऐंशीच्या घरातले, सडसडीत, डोळ्याला भिंग लावलेलं. त्यांनी मला ओळखलं नाही, पण आक्काचं नाव घेताच उठून बसायला पाट दिला. त्या बाईबद्दल मी विचारलं.

"झारेकरीण ती," ते म्हणाले. "आमच्या चपलांना, केसांना जे सोनं चिकटून बाहेर जातं ते ती धुऊन काढते. ह्या गल्लीतली धूळ कोणी फुकट टाकत नाही, मास्तर."

खोलीतही तेच शास्त्र. खाली लाकडी जाळी, जाळीखाली पडलेला कीस महिन्यातून एकदा गोळा होतो. बिमल नावाचा बंगाली कारागीर काम संपवून उठला तेव्हा त्याने आधी केस झटकले, मग एका बादलीत हात धुतले. ते पाणीही टाकत नाहीत. बसायची सतरंजी वर्षाच्या शेवटी जाळतात आणि राखेतून सोनं काढतात. मी आमच्या गावाचा विचार करत होतो. तिथे सोनं सणासुदीला बाहेर येतं, पाहुण्यासारखं बसतं आणि परत पेटीत जातं. इथे ते हवेत आहे, आणि माणसं श्वाससुद्धा हिशेबाने सोडतात असं वाटतं.

मी पुडी पुढे केली. करेकरांनी बुगडी उलटीसुलटी केली. "हिची जोडीदारीण मी मोडली होती. हात धजत नव्हता. असं काम आता कोणी करत नाही, आता साचा येतो."

"मग मोडू नका," मी घाईने म्हणालो आणि खिशातला मणी काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. "हा बघा. एवढाच हवाय. कसाला लावून बघा, तेच सोनं आहे. हाच नवा म्हणून नेतो."

त्यांनी तो कसोटीच्या दगडावर घासला नाही. चिमट्यात धरून भिंगाखाली फिरवला, सगळ्या बाजूंनी, सावकाश.

"ह्याला भोक नाही," ते म्हणाले.

मी वाकून मण्याकडे पाहिलं.

"मणी म्हटला की भोक आलं. ओवायचा असतो तो. बिनभोकाचा मणी माणूस एकाच कामासाठी करून घेतो. आयुष्यात मी पंधरावीस केले असतील, आणि एकही परत आलेला पाहिला नाही." भिंग काढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हा तर आक्कांच्या आईंचा. इथे कसा, मास्तर?"

बारा वर्षं जे कोणाला सांगितलं नव्हतं ते मी त्या खोलीत, टाकणखाराच्या वासात, एका परक्या माणसाला सांगितलं. बेगडीसकट. बिमल पाठमोरा बसून फुंकणी चालवत होता, त्याला मराठी किती कळतं ते मला माहीत नाही. त्याचा हात मात्र मध्येच थांबला होता.

करेकरांनी चिमट्यातला मणी अलगद खाली ठेवला. मग म्हणाले, "सोनार, शिंपी, कुळकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा. लोक म्हणतात, आम्हीही हसून सोडतो. धंद्यात मी अगदी धुतला तांदूळ आहे असं नाही. पण सोन्याचं एक बरं असतं. वितळवा, ठोका, धुळीत टाका, ते सोनंच राहतं. हा मणी तुमच्या आईचा आहे. तो नवा म्हणून आक्कांच्या हातात मी देणार नाही. त्यांना तुम्ही सांगा, नाहीतर सांगू नका. पण बुगडी मी तुमच्यासमोर वितळवणार. त्यांनी तसंच सांगून पाठवलंय ना?"

सोनाराने कान टोचलेले बरे, असं आपण सहज म्हणून जातो. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी माझे टोचले गेले, आणि दुखले.

त्यांनी मोती सोडवून बाजूला ठेवले, बुगडी मुशीत टाकली आणि ज्योत लावली. मी नजर हलवली नाही. आधी ती काळवंडली, मग कडा ढासळल्या, आणि आईच्या कानावर जो नक्षीचा घोस होता तो एका क्षणात गेला. मग मुशीच्या तळाशी एक थेंब फिरू लागला. इतका जिवंत, थरथरता रंग मी कुठल्याही चित्रात पाहिलेला नाही. मला रडू आलं. करेकरांनी ते पाहिलं आणि ज्योतीकडे तोंड वळवलं.

निघताना त्यांनी दोन पुड्या दिल्या, एकीत नवा मणी, दुसरीत बाळ्यांपुरतं सोनं आणि मोती. जुना मणी त्यांनी वेगळ्या कागदात बांधला. "हात झटका," ते दाराशी म्हणाले. मी झटकले. जिन्याखाली ती झारेकरीण अजून धूळ भरत होती.

दिवे लागायच्या आधी मी चाळीत पोचलो. सुनीता नुकतीच आली होती, चहा टाकत होती. आक्काने नवा मणी तळहातावर घेतला, अंगठ्याने फिरवला, उजेडाला धरला. तिचा चेहरा सैल झाला.

"तसोच," ती म्हणाली. "अगदी आवशीच्या मण्यासारखो."

हे तिने म्हटलं नसतं तर कदाचित मी गप्प बसलो असतो. मी दुसरा कागद सोडला आणि जुना मणी तिच्या तळहातावर नव्याच्या शेजारी ठेवला.

"हो खयसून इलो?"

मी सांगितलं. डबा, उघडीप, भटजींची हाक, चतुर्थीचा आदला दिवस. सुनीता गॅसजवळ चहाचं फडकं हातात धरून उभी होती. आक्काने मध्ये एकदाच विचारलं.

"मगे तिच्या तोंडात काय घातलंस?"

"बेगड."

चहा उतू गेला, तो कोणी बघितला नाही.

"बारा वर्षां," आक्का म्हणाली. आवाज चढला नव्हता. "बारा वर्षां मी चाळीत, गावात, हळदीकुंकवाक सगळ्यांका सांगत रवलंय, माझी आवस सोन्यान गेली. आणि तू समोर बसून आयकत रवलंस."

ते खरं होतं. मी बसून ऐकलं होतं, मानही हलवली होती. आक्का भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. दोन्ही मणी तिच्या मुठीत होते.

परळ, शुक्रवार

सकाळपासून आक्का माझ्याशी बोलली नाही. माझ्या ताटलीत घावणे पडले, चटणी पडली, डोळ्याला डोळा मात्र नाही. सुनीताने रजा घेतली होती. तिने मला गॅलरीत गाठलं.

"मामा, तुम्ही जरा फिरून या. आईंना एकटं सोडा थोडं. बीपी वाढलं तर डॉक्टर सोमवारचं पुढे ढकलतील."

म्हणजे माझ्या सत्यामुळे आक्काचं ऑपरेशनही बिघडणार होतं. खोटं बोलून एकदा फसवलं, खरं बोलून दुसऱ्यांदा छळलं. ह्या विचारात मी परळकडे चालत गेलो आणि रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली गणपतीचा कारखाना दिसला तिथे आत शिरलो. चित्रकलेचा मास्तर असल्यामुळे मला अशा ठिकाणी परवानगी मागायची सवय नाही.

आत शंभरेक मूर्ती ओळीने बसल्या होत्या, काही पांढऱ्या, काही अंगाचा रंग झालेल्या. मूर्तिकाराचं नाव राणे, पन्नाशीचा, कोपरापर्यंत सोनेरी झालेला. दागिन्यांचं रंगकाम चाललं होतं. मी बघत उभा राहिलो आणि न राहवून म्हणालो, "हाराला पांढरा ठिपका द्या. सोनं उठेल."

"द्या की तुम्हीच," राणे म्हणाला आणि ब्रश माझ्या हातात दिला.

मी दुपारभर बसून ठिपके दिले. हारांना, बाजूबंदांना, मुकुटाच्या कळसाला. शेजारी एका मोठ्या मूर्तीच्या मुकुटाला बेगड लावायचं काम चालू होतं. ती कात्रीने कापतानाचा आवाज मला ओळखीचा होता आणि त्या दिवशी ऐकवत नव्हता.

"लोकांना हल्ली दागिने खरे दिसायला लागतात," राणे सांगत होता. "फोटो घेऊन येतात, आमच्या हिचा हार असाच आहे, तसाच काढा. आणि खरं सांगू मास्तर, विसर्जनाला पाण्यात मूर्ती गेली ना, की सोनेरीच आधी सुटतं. वर तवंग येतो. दोन मिनिटं सगळं पाणी सोन्याचं दिसतं. मग काही नाही."

"वाईट नाही वाटत?"

"वाटायचं काय? तेवढे दिवस देवाच्या अंगावर होतं ना."

त्याने चहा मागवला. माझी ठिपक्यांची ओळ बघून म्हणाला, "तुम्हाला सोनं चांगलं जमतं."

"रंगवायला जमतं," मी म्हटलं. "सांभाळायला जमलं नाही." तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

संध्याकाळी परत आलो तेव्हा आक्का खुर्चीत बसली होती. तिची नजर माझ्या बोटांवर गेली.

"बोटाक काय ता?"

"सोनेरी रंग."

"धू," ती म्हणाली. दिवसभरात तेवढाच शब्द. मी हात धुतले. रंग नखांच्या कडेला राहिलाच, तो चार दिवस गेला नाही.

दादर, शनिवार

पुढचं सांगण्याआधी हे सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. आक्काचं ऑपरेशन झालं. ती घरी आहे, अशक्त आहे, सुनीताला शिकवते आहे की सोड्यांच्या कालवणात काय चुकतं. हे लिहिताना मला तिची धास्ती नाही. मला फक्त त्या सकाळबद्दल लिहायचं आहे.

माझी परतीची गाडी दादरहून होती; सोन्याचं काम झालं की गावी जा, ऑपरेशनला थांबू नको, असं आक्काने आल्या दिवशीच बजावलं होतं. आक्का म्हणाली, मी सोडायला येतंय. सुनीता नको नको म्हणत असताना तिने नऊवारी नेसून घेतली आणि जिना एकेक पायरी थांबत उतरली. टॅक्सीत ती खिडकीकडे बसली, मी मध्ये, सुनीता पलीकडे. परळ गेलं, ताडपत्र्या गेल्या.

दादरला तिने टॅक्सी फुलबाजाराच्या अलीकडे थांबवली. फूटपाथवर दागिन्यांचा एक ठेला होता. खोटे हार, ठुश्या, नथी, सगळं लाल मखमलीवर ओळीने मांडलेलं, उन्हात इतकं झळाळत होतं की गिरगावच्या त्या खोलीतलं सोनं त्यापुढे मळकट म्हणावं लागेल. आक्का काठीवर वजन देऊन वाकली आणि एक जोड उचलला. बुगड्या होत्या.

"आजी, एक ग्रॅमवाल्या आहेत, रंग जाणार नाही," ठेलेवाली म्हणाली.

"जाऊ दे गेलो तर," आक्का म्हणाली. "माका किती दिवस घालूच्यो असत?"

तिने कनवटीचे पैसे काढून दिले आणि सुनीताला म्हणाली, घाल. कानाच्या वरच्या पाळीची भोकं बुजत आली होती. सुनीता घाबरत घाबरत दाबत होती, आक्का डोळे मिटून उभी होती. दोन्ही बसल्या. ठेलेवालीने आरसा धरला.

आक्काने आरशात पाहिलं नाही. माझ्याकडे वळली.

"कश्यो दिसतत?"

मी चित्रकलेचा मास्तर. मला खरं आणि खोटं सोनं दहा हातांवरून कळतं. पण त्या कानांवर त्या झुलत होत्या आणि मला तिथे आई दिसत होती, चुलीपुढे बसलेली.

"आईच्यासारख्या," मी म्हणालो.

"मगे?" आक्का म्हणाली. "कानाक काय समाजता, खरा काय नि खोटा काय? घालणारो हात समाजता. तुझो हात तिका समाजलो असतलो."

टॅक्सीवाला हॉर्न वाजवू लागला. टॅक्सीत परत बसल्यावर तिने पदराच्या गाठीतून कुंकवाची एक जुनी पितळी डबी काढली आणि झाकण उघडलं. आत कापसावर दोन मणी होते. मी नीट पाहिलं, तरी त्यांतला जुना कुठला आणि नवा कुठला ते मला सांगता आलं नाही.

"ही डबी सुनीताकडे रवतली," ती म्हणाली. "तुझ्याकडे देवचंय नाय. तू हरवतंस." मग सुनीताकडे बघून, "दोन असत. ध्यानात ठेव."

"आई, असं काय बोलता, सोमवारी काही होणार नाहीये तुम्हाला."

"सोमवारी नाय तर मागसून. कधीतरी होतलाच." तिने डबी सुनीताच्या हातात दिली आणि माझा हात धरला, तोच, ज्याच्या नखांना अजून रंग होता. "तू येवक व्हयो, दत्ता. खंयही असलंस तरी. तुझ्याच हातान घालूचे. दोन्ही."

"दोन्ही?"

"एक माझो," आक्का म्हणाली. "दुसरो आवशीचो. मी तिच्याकडेच जातलंय मां. नेऊन दितलंय."

मी हो म्हटलं. ह्या खेपेला तो शब्द खरा करायचा आहे.